मोपासाँची ‘नेकलेस’ कथा कशी वाचावी: अब्रूपायी केलेल्या लपवाछपवीचा माग

गी द मोपासाँ या फ्रेंच कथाकाराची ‘ला पार्यूर’ ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ रोजी पॅरिसच्या ‘ल गोल्वा’ या दैनिकात प्रथम छापून आली आणि पुढच्याच वर्षी ती त्याच्या एका कथासंग्रहात समाविष्ट झाली. आपल्याकडे ती ‘द नेकलेस’ या इंग्रजी नावाने ओळखली जाते. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पूरक वाचनात ती असल्यामुळे अनेकांची तिच्याशी पहिली ओळख परीक्षेच्या निमित्ताने होते आणि ‘हव्यासाचे फळ वाईट’ एवढे एक वाक्य तेवढे हाती राहते. मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवतो, नवरा-बायको कर्ज काढून तसाच दुसरा हार परत करतात, ते कर्ज फेडण्यात दहा वर्षे घालवतात, आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा होता. शेवट इतका प्रसिद्ध आहे की, तो माहीत असलेल्या माणसाला कथेत वाचण्यासारखे आणखी काही उरले आहे असे वाटतच नाही.

माझे मत याच्या उलट आहे. ही कथा शेवटच्या वाक्यात नव्हे, तर मधल्या एका छोट्या चिठ्ठीत घडते. हाराची कडी तुटली आहे, ती दुरुस्तीला दिली आहे, अशी थाप त्या चिठ्ठीत मारलेली आहे. त्या चिठ्ठीपर्यंत माणसे कशी पोहोचतात आणि ती एकदा पाठवल्यावर मागे फिरणे का जमत नाही, हे पाहायला शिकले की कथेचा खरा गाभा हाती लागतो. कथा नव्याने वाचणाऱ्यांसाठी, वाचन मंडळात तिच्यावर चर्चा घेणाऱ्यांसाठी आणि वर्गात ती शिकवणाऱ्यांसाठी ही वाचनाची पद्धत क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: पूर्ण पाठ मिळवावा

कथा लहान आहे, सावकाश वाचली तरी अर्ध्या-पाऊण तासात होते. त्यामुळे संक्षिप्त आवृत्तीवर भागवण्याचे काही कारण नाही. पाठ्यपुस्तकातला पाठ संक्षिप्त केलेला असतो आणि संक्षेप करताना बहुधा बारीक तपशिलांवरच कात्री चालते. या कथेत मात्र सगळा भार त्या बारीक तपशिलांवरच आहे. हाती आलेला अनुवाद पुरेसा आहे की नाही हे ठरवायला चार जागा तपासाव्यात. नवऱ्याने बंदुकीसाठी पैसे साठवले होते हा उल्लेख आहे का? चिठ्ठी बायकोने लिहिली, पण मजकूर नवऱ्याने सांगितला, हे स्पष्ट आहे का? डबीवर ज्याचे नाव होते तो सराफ काय म्हणतो, हे आले आहे का? आणि रात्री कागदपत्रांच्या नकला उतरवण्याचा दर पानाला पाच सू (सू म्हणजे फ्रँकहून लहान फ्रेंच नाणे) होता, हा आकडा दिला आहे का? यांपैकी एक जरी जागा गळाली असेल, तर दुसरा अनुवाद शोधावा.

पहिले वाचन मध्ये न थांबता करावे आणि त्या वेळी टिपणे काढू नयेत. शेवट माहीत असला तरी हरकत नाही.

दुसरी पायरी: माणसे आणि पैसा नीट समजून घ्यावा

मातिल्द ल्वाझेल ही कारकुनांच्या घराण्यात जन्मलेली देखणी स्त्री आहे. हुंडा नाही, ओळखीपाळखी नाहीत, म्हणून तिचे लग्न शिक्षण मंत्रालयातल्या एका सामान्य कारकुनाशी लावून दिले जाते. तीन दिवस न बदललेल्या टेबलक्लॉथसमोर बसून नवरा सूपच्या भांड्याचे झाकण उचलतो आणि साध्या उकडलेल्या मांसाच्या सूपवर मनापासून खूश होतो. ती मात्र त्याच वेळी चांदीची भांडी आणि उंची मेजवान्या डोळ्यांसमोर आणत असते. मोपासाँने स्वतः आधी नौदल मंत्रालयात आणि नंतर शिक्षण मंत्रालयात कारकुनी केली होती. त्यामुळे महिन्याच्या पगारात बसवलेले हे आयुष्य, त्यातल्या काटकसरीसकट आणि त्यातल्या लाजेसकट, तो आतून ओळखतो.

एक गोष्ट नवखे वाचक हमखास सोडून देतात. मातिल्दला कॉन्व्हेंटमधली एक श्रीमंत मैत्रीण आहे, मादाम फोरेस्तिए. पण मातिल्दने तिच्याकडे जाणे सोडून दिले आहे, कारण तिथून परत आल्यावर तिला फार यातना होत आणि ती दिवसचे दिवस रडत बसे. हे कथेच्या अगदी आरंभी, हाराचा विषयही निघण्यापूर्वी येते. पुढे ‘मैत्रिणीला सरळ सांगून टाकायचे होते’ असा सल्ला देण्याआधी ही मैत्री कशी होती हे आठवावे. जिच्या घरून परतताना आपण लहान झाल्यासारखे वाटते, तिच्यासमोर जाऊन ‘तुझा हार मी हरवला’ म्हणणे किती जड असेल, याचा अंदाज तेव्हा येतो.

आता पैशाकडे वळावे. कथेतले सगळे आकडे एका कागदावर उतरवून काढावेत, कारण मोपासाँने ते एकमेकांकडे पाहूनच बेतलेले दिसतात. पोशाखाला ४०० फ्रँक लागतात. बदली हाराची किंमत ४०,००० सांगितली जाते आणि सौदा ३६,०००वर ठरतो. नवऱ्याकडे वडिलांनी ठेवलेले १८,००० असतात, म्हणजे कर्ज तेवढ्याच रकमेचे निघते. आणि मूळ खोट्या हाराची किंमत, मादाम फोरेस्तिएच्या शब्दांत, फार तर ५०० फ्रँक. म्हणजे परत केलेला हार हरवलेल्या हाराच्या ७२ पट किमतीचा होता. पण माझ्या मते त्याहून बोलकी तुलना पोशाखाची आहे. ज्या हाराने दोन माणसांचे आयुष्य गिळले, तो त्या एका रात्रीच्या पोशाखापेक्षा जेमतेम १०० फ्रँकनी महाग होता. खरे बोलले असते, तर नवऱ्याच्या गाठीच्या पैशांतून तो विकत घेऊन देता आला असता आणि गाठीचा मोठा भाग तसाच शिल्लक राहिला असता.

तिसरी पायरी: लपवाछपवी क्रमाने टिपावी

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसावे. कागदावर चार रकाने आखावेत: कोण लपवते, कोणापासून लपवते, काय लपवते, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजते. हा तक्ता भरताना एक गोष्ट लक्षात येते. थाप या कथेत अचानक येत नाही. तिच्याआधी कितीतरी लहानसहान आडपडदे होऊन गेलेले असतात, आणि त्यातले बरेचसे प्रेमापोटीचे किंवा संकोचापोटीचे असतात.

मंत्र्यांच्या घरच्या समारंभाचे निमंत्रण नवरा मोठ्या खटपटीने मिळवून आणतो, कारण कारकुनांना फार थोडी निमंत्रणे दिली जातात. ती मात्र ते टेबलावर भिरकावते, कारण घालायला साजेसे काही नाही. पोशाखाला किती लागतील असे तो विचारतो, तेव्हा ती काही क्षण मनात हिशेब करते: काटकसरी नवऱ्याने दचकून एकदम नाही म्हणू नये, अशी किती रक्कम मागता येईल? मग काहीशा घुटमळत ती चारशेचा आकडा सांगते. हा पहिला आडपडदा. तिला नक्की किती लागतील हे तिने सांगितलेले नाही, किती मिळू शकतील हे सांगितले आहे.

त्यावर नवऱ्याचा चेहरा जरा उतरतो. नेमके तेवढेच पैसे त्याने बंदुकीसाठी बाजूला ठेवलेले असतात. पुढच्या उन्हाळ्यात रविवारी नांतेरच्या माळावर मित्रांबरोबर चंडोल मारायला जायचा त्याचा बेत असतो. तो बेत लेखक वाचकाला सांगतो, पण नवरा बायकोला सांगत नाही. तो फक्त होकार देतो आणि पोशाख मात्र छान घे, म्हणतो. हा दुसरा आडपडदा. वर्गात यावर चर्चा घेताना मी आवर्जून इथे थांबायला सांगेन, कारण सगळा दोष मातिल्दच्या माथी मारणारे वाचन याच जागी कोलमडते. या घरात दोघांनाही मनातले बोलायची सवय नाही. तिने बंदुकीची गोष्ट ऐकली असती तर काय केले असते, हे कळायला मार्ग नाही, कारण ती तिला कधी ऐकवलीच गेली नाही.

पोशाख तयार झाल्यावर दागिन्याचा प्रश्न येतो. नवरा ताजी फुले माळायला सुचवतो. दहा फ्रँकमध्ये दोन-तीन उत्तम गुलाब मिळतील, हा त्याचा हिशेब. तिला ते पटत नाही, कारण श्रीमंत बायकांमध्ये गरीब दिसण्याइतकी मानहानी दुसरी नाही, असे तिचे म्हणणे असते. मग मैत्रिणीची आठवण होते. तिच्या पेटीतले कंकण, मोत्यांचा सर, सोन्याचा व्हेनिसी क्रॉस बाजूला सारता सारता काळ्या साटीनच्या डबीत हिऱ्यांचा हार सापडतो. मादाम फोरेस्तिए विनातक्रार तो देते. समारंभात तो हार मातिल्दचाच असल्यासारखा तिच्या गळ्यात मिरवतो, पण तोंडाने खोटे कोणीच बोललेले नसते. लग्नकार्यात नणंदेचा किंवा मैत्रिणीचा हार मागून घालण्याची रीत आपल्याकडेही आहे आणि तिला कोणी फसवणूक म्हणत नाही. म्हणून या जागेपाशी तक्त्यात ‘थाप’ असे लिहू नये, ‘देखावा’ लिहावे. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

चौथी पायरी: हार कसा हरवतो ते पाहावे

हार कुठे पडला हे कथेत कळत नाही, पण तो का सापडला नाही याचे कारण कळते, आणि ते पुन्हा अब्रूशीच येऊन पोहोचते. समारंभातून निघताना पहाटेचे चार वाजलेले असतात. नवरा मध्यरात्रीपासून एका लहानशा रिकाम्या दालनात आणखी तिघांबरोबर झोपलेला असतो. तो तिच्या खांद्यांवर घरचे साधे गरम कपडे टाकतो. फरचे कोट चढवणाऱ्या बायकांच्या नजरेला ते पडू नयेत म्हणून ती पळ काढते. थांब, बाहेर सर्दी होईल, मी गाडी बोलावतो, असे तो सांगत असतो, पण ती ऐकत नाही आणि भराभर जिना उतरते. बाहेर गाडी मिळत नाही. ते कुडकुडत सेन नदीच्या दिशेने चालत जातात आणि शेवटी एक जुनाट भाड्याची गाडी मिळते. या गाड्या पॅरिसमध्ये रात्रीच दिसतात, जणू दिवसा त्यांना आपल्या दारिद्र्याची लाज वाटते, असे मोपासाँ लिहितो. त्या गाडीने ते र्यू दे मार्तिर या रस्त्यावरच्या आपल्या घरी पोहोचतात. गाडीचा नंबर दोघांपैकी कोणीही पाहिलेला नसतो.

इथे कारणांची साखळी स्वतः जोडून पाहावी. साधे कपडे दिसू नयेत म्हणून घाई झाली. घाईमुळे दारातली गाडी मिळाली नाही आणि रस्त्यावरची मिळेल ती घ्यावी लागली. तिचा नंबर टिपला गेला नाही, म्हणून शोध घ्यायला धागाच उरला नाही. गाड्यांबद्दलचे ते वाक्य वर्णनाच्या ओघात आल्यासारखे वाटते. पण लाजेने तोंड लपवणारी गाडी आणि लाजेने खांदे लपवणारी बाई एकाच परिच्छेदात समोरासमोर आणण्यात लेखकाचा हेतू स्पष्ट आहे.

पाचवी पायरी: चिठ्ठीपाशी थांबावे

नवरा पुन्हा पायी सगळा रस्ता पालथा घालतो आणि सकाळी सातच्या सुमारास रिकाम्या हाताने परततो. मग तो पोलिसांकडे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांत जाऊन येतो. संध्याकाळी फिकुटलेल्या, खोल गेलेल्या चेहऱ्याने तो घरी येतो आणि म्हणतो की, मैत्रिणीला चिठ्ठी लिही, हाराची कडी तुटली आहे आणि ती दुरुस्तीला टाकली आहे असे कळव, म्हणजे आपल्याला हातपाय हलवायला वेळ मिळेल. तो सांगतो आणि ती लिहिते.

हे वाक्य कितीदा तरी वाचून पुढे गेलेले असते. त्यात किती गोष्टी एकवटल्या आहेत ते नीट पाहावे. पहिली गोष्ट म्हणजे ही थाप नवऱ्याची आहे. आतापर्यंत साधा, समाधानी, काटकसरी दिसलेला माणूस कथेतली एकमेव उघड थाप रचतो, आणि आयुष्यभर देखाव्याची स्वप्ने पाहणारी बायको ती केवळ उतरवून घेते. मजकूर त्याचा आणि अक्षर तिचे, म्हणून ती दोघांची होते. दुसरी गोष्ट, थाप वेळ मारून नेण्यासाठी आहे. हार सापडलाच तर कोणाला काही सांगावेच लागणार नाही, एवढाच तिचा हेतू आहे. कोणाला बुडवण्याचा विचार त्यात कुठेही नाही. तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हार खोटा आहे हे माहीत असलेली एकच व्यक्ती या कथेत आहे आणि चिठ्ठी नेमकी तिच्याच नावे जाते. सत्य जिच्यापाशी होते, तिच्याच तोंडावर या थापेने कुलूप लावले.

एकदा कडी तुटल्याचे कळवल्यावर आठवड्याने ‘हार हरवला’ असे सांगणे अधिक अवघड होते, कारण आता हार हरवल्याबरोबर खोटे बोलल्याचीही कबुली द्यावी लागणार. अब्रू राखायला घेतलेली थाप पहिल्याच दिवशी मूळ चुकीपेक्षा मोठी होऊन बसते, हे मोपासाँ एका शब्दानेही समजावून सांगत नाही. तो फक्त आठवडा सरल्याचे आणि नवरा पाच वर्षांनी म्हातारा दिसू लागल्याचे सांगतो. मग नवराच म्हणतो की, आता हार भरून देण्याची व्यवस्था पाहायला हवी.

सहावी पायरी: डबीची खूण

दुसऱ्या दिवशी दोघे ती डबी घेऊन तिच्यावर ज्याचे नाव आहे त्या सराफाकडे जातात. तो वह्या तपासून सांगतो की, हा हार आमच्याकडून गेलेला नाही, आम्ही फक्त डबी पुरवलेली दिसते. कथेतली ही सर्वांत मोठी खूण आहे. हिऱ्यांचा खरा हार आणि त्याची डबी वेगवेगळ्या ठिकाणांहून कशाला येतील? नवरा-बायकोला हा प्रश्न पडत नाही. दुःखाने आणि काळजीने ते आजारी झालेले असतात, एका सराफाकडून दुसऱ्याकडे जात, आठवणीतल्या हाराशी मेळ बसवत फिरत असतात. अखेर पॅले रोयालमधल्या एका दुकानात हुबेहूब तसा हार सापडतो. तीन दिवस तो दुसऱ्या कोणाला विकू नये, आणि पहिला हार फेब्रुवारीअखेर मिळाला तर हा ३४,०००ला परत घ्यावा, एवढे ते ठरवून घेतात.

डबीची ही खूण आणखी एका दिशेने विचार करायला लावते. नामांकित दुकानाच्या डबीत खोटा हार ठेवणारी मादाम फोरेस्तिए तरी देखाव्यापासून दूर होती का? हार देताना तो खोटा आहे हे ती बोलली नाही. त्यात लपवण्याचा हेतू होता की तिला ते सांगण्याजोगे वाटलेच नाही, याचा निवाडा कथा करत नाही, आणि वाचकानेही तो घाईने करू नये. पण तक्त्यात एक ओळ तिच्या नावे मोकळी ठेवावी.

हार परत घेताना मादाम फोरेस्तिए काहीशी नाराजीने म्हणते की, तो आधी आणून द्यायला हवा होता, मला लागला असता. ती डबी उघडत नाही. मातिल्दला भीती होती ती नेमकी डबी उघडण्याची: बदल लक्षात आला तर ती काय म्हणेल, आपल्याला चोर तर समजणार नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे झाकलेल्या डबीत ३६,००० फ्रँकचा खरा ऐवज होता आणि तो दिसू नये म्हणून देणारी धास्तावली होती. चोरी पकडली जाण्याची भीती वाटते हे नेहमीचे. इथे सचोटी पकडली जाण्याची भीती आहे. हा प्रसंग दोन-तीन वेळा वाचावा.

सातवी पायरी: दहा वर्षांकडे दुर्लक्ष करू नये

शेवटाची घाई झालेले वाचक हा भाग चाळून सोडतात. मोपासाँने मात्र तो हात राखून लिहिलेला नाही. मोलकरीण काढली जाते, घर बदलते, छपराखालची खोली भाड्याने घेतली जाते. मातिल्द भांडी घासते आणि तेलकट पातेल्यांवर तिची गुलाबी नखे झिजतात. ती मळके कपडे धुते, रोज सकाळी कचरा खाली रस्त्यावर नेते, पाणी वर चढवताना प्रत्येक मजल्यावर धाप टाकायला थांबते. टोपली हातात अडकवून ती भाजीवाल्याकडे, वाण्याकडे, खाटकाकडे एकेका सूसाठी घासाघीस करते आणि अपमानाची बोलणी खाते. नवरा संध्याकाळी एका व्यापाऱ्याचे हिशेब लिहितो आणि रात्री पानाला पाच सू दराने नकला उतरवतो.

या दराचा हिशेब स्वतः करून पाहावा. एका फ्रँकचे २० सू, म्हणजे एका फ्रँकसाठी चार पाने. १८,००० फ्रँकचे मुद्दल केवळ नकलांवर फेडायचे म्हटले तर ७२,००० पाने होतात. दहा वर्षे एकही रात्र न चुकवता रोज सुमारे २० पाने उतरवली तरच ती संपतील, आणि सावकारांचे व्याज त्यातून वेगळेच राहील. अर्थात फेड एकट्या नकलांवर झाली नाही, पण ‘पाच सू’ या दोन शब्दांमागे किती रात्री आहेत हे या आकड्यांमुळे कळते.

इथेच कथेची खरी अडचण समोर येते आणि ती टाळून पुढे जाऊ नये. ही माणसे खोटे बोलली हे खरे. पण ज्या वस्तूची भरपाई चुकवता आली असती तिची त्यांनी पै-पैने भरपाई केली, हेही तितकेच खरे. मैत्रिणीला बुडवावे, गाव सोडावे, सगळे नाकारावे, असा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. ‘आम्ही चोर नाही’ हे दुसऱ्याला दिसावे म्हणून ते खोटे बोलले आणि ‘आम्ही चोर नाही’ हे स्वतःशी खरे ठरावे म्हणून ते राबले. केवळ ‘दिखाऊपणाची शिक्षा’ असे या कथेचे वर्णन करणारे उत्तर म्हणूनच अपुरे पडते. शिक्षा म्हणावी तर ती दिखाऊपणाला जितकी झाली, तितकीच प्रामाणिकपणालाही झाली. प्रामाणिक नसती, तर ही माणसे दहा वर्षे राबलीच नसती.

आठवी पायरी: शेवटच्या धक्क्याआधीचे हसू

एका रविवारी शांझेलिझेवर मातिल्दला लहान मुलाला घेऊन फिरणारी मादाम फोरेस्तिए दिसते, अजून तरुण, अजून देखणी. कर्ज फिटलेले असते, म्हणून आता सांगायला हरकत नाही असे मातिल्दला वाटते. ती तिला नावाने हाक मारते. मैत्रीण तिला ओळखतच नाही. मग ओळख पटते, तू किती बदललीस, असे उद्गार निघतात आणि मातिल्द सगळे सांगून टाकते. त्या वेळी ती म्हणते की, तुझ्या लक्षात आले नाही ना, अगदी सारखे होते ते हार. आणि हे म्हणताना अभिमानाने, भाबड्या आनंदाने हसते.

सगळ्यांची नजर यानंतरच्या वाक्यावर असते. मी या हसण्यावर थांबायला सांगेन. तिला अभिमान कशाचा वाटतो आहे? दहा वर्षे राबल्याचा तर आहेच, पण तोंडून निघते ते वेगळे: बदल ओळखू आला नाही, म्हणजे फसवणूक साधली. तोपर्यंत तिची नखे झिजलेली, आवाज मोठा झालेला, हात लाल पडलेले असतात. तिचा सगळा देखावा केव्हाच गळून पडलेला असतो. उरलेली एकमेव झाकपाक म्हणजे हारांची अदलाबदल, आणि ती जमली याचा तिला आनंद आहे. दुसऱ्याच क्षणी मैत्रीण तिचे दोन्ही हात धरते आणि हार खोटा असल्याचे सांगते. कथा तिथेच संपते. मातिल्द काय म्हणाली, खरा हार परत मिळाला का, नवऱ्याला हे कळले का, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. चर्चेत या प्रश्नांवर फार वेळ घालवू नये. ज्याला कथेत उत्तर नाही, त्यापेक्षा जे कथेत लिहिलेले आहे त्यावर बोलावे.

निबंध किंवा परीक्षण लिहायचे असेल तर

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करू नये, चिठ्ठीपासून करावी. मातिल्दच्या स्वभावाबद्दल कोणतेही विशेषण वापरण्याआधी त्याच्या आधाराचा प्रसंग लिहावा, आणि तोच निकष नवऱ्यालाही लावावा. ‘तिने खरे सांगायला हवे होते’ असे लिहायचे असल्यास, कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दांत सांगणे शक्य होते, हेही लिहावे. चिठ्ठी लिहिण्याच्या संध्याकाळी ते शक्य होते. हार परत करताना डबी स्वतः उघडून दाखवणेही शक्य होते. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी ते अधिक कठीण होत गेले. असा क्रम दाखवला की लेखन आपोआप कथेला धरून राहते आणि उपदेश करण्याचा मोह कमी होतो.

यानंतर त्याच लेखकाची ‘ले बिझू’ (म्हणजे ‘दागिने’) ही कथा वाचावी. ती १८८३ मध्ये, म्हणजे ‘नेकलेस’च्या आदल्या वर्षी आली होती. तिथला लांतां हा गृह मंत्रालयातला कारकून आहे. त्याच्या बायकोला खोट्या दागिन्यांचा नाद असतो. ती वारल्यावर पैशाची चणचण भासते म्हणून तो एक हार विकायला नेतो आणि सराफ सांगतो की हार खरा आहे. ते दागिने बायकोला कोणी आणि कशासाठी दिले असतील हे उमगल्यावर तो भर रस्त्यात बेशुद्ध पडतो. तरीही पुढे तो सगळे दागिने विकतो, नोकरीचा राजीनामा देतो आणि वरिष्ठाला सांगतो की आपल्याला तीन लाख फ्रँकचा वारसा मिळाला. त्याच दिवशी जेवताना शेजारच्या अनोळखी गृहस्थाला तो हाच आकडा चार लाख म्हणून सांगतो. प्रत्यक्षात त्याच्या हाती आलेले असतात १,९६,०००.

दोन्ही कथांचे तक्ते शेजारी ठेवून भरावेत. विशेष म्हणजे लांतांचे घरही र्यू दे मार्तिरवरच आहे. एका घरात खोटा हार खरा समजला गेला आणि दुसऱ्यात खरा हार खोटा. ल्वाझेल दांपत्याची थाप त्यांना छपराखालच्या खोलीत घेऊन जाते, तर लांतांची थाप त्याला चांगल्या उपाहारगृहात बसवते. अब्रूची भीती मात्र दोन्हीकडे एकाच जातीची आहे. चौथ्या रकान्यात, किंमत कोणी मोजली या प्रश्नापुढे, लांतांच्या बाबतीत काय लिहायचे हे ठरवणे अवघड आहे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच रकान्यापासून करावी.